तळ्याकाठची आगोट

मे महिना सरत आला, आभाळाचा रंग पालटू लागला की कोकणच्या किनाऱ्यावर एकच धांदल उडते. होड्या वर ओढायच्या, इंजिनं खोलून त्यांचं तेलपाणी बघायचं, जाळी घरी न्यायची आणि झापांनी किंवा ताडपत्रीनं होड्या शाकारून टाकायच्या. पहिला पाऊस कोसळायच्या आत हे सगळं उरकायलाच हवं. या आगोटीला पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला एक जुळी बहीण आहे. तिचा महिना मात्र ऑक्टोबर. आणि तिथं धास्ती पावसाची नसते... थंडीची असते!

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशर नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. बोस्टनहून मोटारीनं उत्तरेचा रस्ता धरला की साधारण दोन तासांत डोंगर जवळ येऊ लागतात आणि झाडीतून पाणी चमकतं. हेच विनिपसॉकी. तळं म्हणायचं ते आपलं सवयीनं. त्याचा पसारा आहे जवळजवळ १८५ चौरस किलोमीटरचा आणि पोटात अडीचशेहून अधिक बेटं! दोन-चार बेटांवर पुलावरून मोटार जाते, बाकीच्यांवर बोटीशिवाय गत्यंतर नाही. उन्हाळ्यात बेटांवरचं टपालसुद्धा बोटीनं पोचतं. १८९२ पासून या तळ्यावर टपालबोट फिरतेय. हल्ली हे काम करणारी 'सोफी सी' ही बोट पर्यटकांनाही सोबत घेते आणि धक्क्याधक्क्यावर थांबत पत्रांच्या पिशव्यांची देवघेव करते.

विनिपसॉकी हे नाव मूळच्या आदिवासींच्या भाषेतलं. त्याचा अर्थ 'महान आत्म्याचं स्मित' असा आहे, असं तिथला प्रत्येक गाईड छातीठोकपणे सांगतो. भाषेचे जाणकार या अर्थावर नाकं मुरडतात, पण पर्यटकांना स्मितच हवं असतं.

तळ्याच्या पूर्व टोकाला वुल्फबोरो हे टुमदार गाव आहे. 'अमेरिकेतलं सर्वांत जुनं उन्हाळी विश्रामस्थान' अशी बिरुदावली ते अभिमानानं मिरवतं. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी, म्हणजे १७७६ च्या आधी, इंग्रज राजाचा गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यानं इथं जवळच उन्हाळ्यासाठी घर बांधलं. त्याच्या मागोमाग बडी मंडळी यायला लागली. साहेबानं आपल्याकडे महाबळेश्वर शोधावं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की महाबळेश्वरला लोक घोड्यावरून रपेट करतात आणि इथं बोटीतून.

आपल्याकडे ऑक्टोबर हीटनं जीव नकोसा झालेला असतो, नेमका तेव्हा विनिपसॉकीचा काठ पेटतो. मेपलची झाडं लालभडक होतात, बर्चची पिवळीधमक. दसऱ्याच्या आगेमागे बोस्टन परिसरातली मराठी कुटुंबंही गाड्या भरभरून इकडे येतात. थर्मासमधला चहा, डब्यातले पराठे, तळ्याच्या पार्श्वभूमीवर आजी-आजोबांचे फोटो... आणि संध्याकाळी परत. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते. त्या जोडसुट्टीत तर मेरेडिथ गावच्या रस्त्यावर मुंगीलाही वाट मिळत नाही.

पण या गर्दीची पाठ असते बोटयार्डांकडे. खरी लगबग तिथंच चाललेली असते.

पोटातलं इंजिन

बोटीला इंजिन दोन तऱ्हांनी बसवतात. मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं ते आउटबोर्ड. कोकणातल्या लहान होड्यांना लटकवलेलं दिसतं, तेच. ते बाहेर असतं आणि पाण्याबाहेर काढून सरळ उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप खाली गळून जातं. त्यामुळे आउटबोर्डवाले थंडीच्या बाबतीत तसे निर्धास्त असतात. दुसरं इनबोर्ड. ते बोटीच्या पोटात, फळ्यांखाली किंवा पेटीत बंद असतं. विनिपसॉकीवरच्या जुन्या, महोगनी लाकडाच्या देखण्या बोटी पाहाव्यात. पितळेची चकाकती पट्टी, आरशासारखं वॉर्निश आणि मधोमध झाकणाखाली गुरगुरणारं सहा किंवा आठ सिलिंडरचं इंजिन! मोटारीच्या इंजिनाचाच हा भाऊ. पण एका बाबतीत तो मोटारीहून अगदी वेगळा.

मोटारीला रेडिएटर असतो. त्यात ठरावीक पाणी फिरत राहतं आणि ते गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. बोटीला रेडिएटर कशाला हवा? सभोवार पाणीच पाणी! बोटीखालच्या भोकातून पंप तळ्याचं पाणी ओढतो, ते इंजिनाच्या अंगातून खेळवतो आणि तापलेलं पाणी धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर फेकतो. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून समुद्रातल्या बोटींना पुष्कळदा वेगळी बंदिस्त व्यवस्था असते. तळ्याचं पाणी गोडं, तेव्हा सरळ तेच इंजिनाला पाजायचं, हा इथला साधा हिशेब. उन्हाळाभर तो उत्तम चालतो.

घोटाळा होतो थंडीत. इंजिन बंद केलं तरी त्याच्या पोटात, वाकणावळणांत, कित्येक लिटर पाणी तसंच राहतं. पाणी हा भारी विक्षिप्त पदार्थ आहे. बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही चार अंश सेल्सियसपर्यंत आकसतं, पुढं मात्र उलट फुगू लागतं आणि बर्फ होताना एकदम सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते, ती याचमुळे. इंजिनाचा ब्लॉक असतो बिडाचा. बीड भक्कम खरं, पण त्याला ताण म्हणून सोसत नाही. ते वाकत नाही, लवत नाही... सरळ तडकतं.

आणि तडकताना आवाजही करत नाही. यात खरी फसगत आहे. तडा जातो नोव्हेंबरातल्या एखाद्या रात्री आणि कळतो मे महिन्यात. मधले सहा महिने बर्फच तडा बुजवून बसलेला असतो. वसंतात मालक झाकण उघडतो, तेलाची डिपस्टिक ओढून बघतो आणि तिच्यावर काळं तेल दिसण्याऐवजी कॉफीत दूध घातल्यासारखा फेस दिसतो. तेलात पाणी शिरलं! झालं, इंजिन गेलं. बदलायचं म्हटलं तर जुन्या बोटीच्या किमतीहून खर्च जास्त. विमा असला तरी कित्येक पॉलिसींत गोठून झालेलं नुकसान धरलेलंच नसतं. आजोबांनी घेतलेली, बापानं वॉर्निश केलेली बोट अशा वेळी कोपऱ्यात जाते आणि बहुधा तिथंच राहते.

थंडी आधी कुणाला गाठते?

नवख्या माणसाला वाटतं, तळं गोठायला अजून दोन-अडीच महिने आहेत, घाई कसली? विनिपसॉकी पूर्ण गोठतं ते साधारण जानेवारीत. पण तळं आणि इंजिन यांचं वेळापत्रक एक नाही. एवढ्या प्रचंड पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठलेली असते. ऑक्टोबरात हवा रात्री शून्याखाली गेली तरी पाणी दहा-बारा अंशांवर असू शकतं. बोट पाण्यात तरंगतेय तोवर तिच्या पोटाला खालून शेक मिळत राहतो. तीच बोट ट्रेलरवर चढवून अंगणात आणली की तो शेक संपला. चहूबाजूंनी वारा! म्हणजे गंमत बघा, पाण्यात ठेवलेली बोट काही दिवस सुखरूप आणि 'थंडी येतेय म्हणून' शहाणपणानं बाहेर काढून ठेवलेली बोट त्याच रात्री धोक्यात. बाहेर काढायची तर त्याच दिवशी पाणी काढून टाकायचं, हा तिथला दंडक त्यामुळेच पडला आहे.

काही जण इंजिनाच्या पेटीत रात्रभर दिवा पेटता ठेवण्याची युक्ती करतात. बल्बच्या उबेनं काम भागेल अशी आशा. पण पहिलं हिमवादळ आलं की झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते. नेमकी थंडीच्या रात्रीच जाते. शिवाय पेट्रोलची वाफ कोंडणाऱ्या पेटीत उघडा बल्ब ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. जाणती मंडळी या युक्तीच्या वाटेला जात नाहीत.

एक दिवसाचं काम

कामाची सुरुवात होते बोट पाण्यात असतानाच. पेट्रोलची टाकी बरीचशी भरून घेतात आणि त्यात पेट्रोल टिकवणारं रसायन ओततात. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. (आपल्याकडे हे प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेलंय.) इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. हवेतला दमट अंश ते शोषून घेतं आणि पुरेसं पाणी जमलं की पेट्रोलपासून फारकत घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. वसंतात इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या तळच्या मिश्रणाचा. म्हणून औषध घालायचं, आणि नुसतं घालून भागत नाही. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ते कार्बोरेटरपर्यंत पोचवायचं. तळ्याला एक शेवटची फेरी मारायला हे निमित्त छान असतं. मुलांना बोटीत घेतलं जातं, स्वेटर-टोप्या चढतात, पेटलेल्या झाडांच्या कडेकडेनं एक चक्कर होते. मोसम संपल्याची हीच घंटा.

इंजिन गरम असतानाच तेल बदलायचं. गरम तेल पातळ होतं, आणि उन्हाळाभराची काजळी, आम्लं, ओल सगळं त्याच्याबरोबर निघून येतं. तेच घाणेरडं तेल सहा महिने आत राहिलं तर बेअरिंगं कुरतडतं. मोटारीत खालचं बूच काढलं की तेल भळाभळा पडतं. बोटीत इंजिनाखाली हात जाईल एवढीही जागा नसते. मग डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून पंपानं तेल वर ओढतात. याला वेळ लागतो. मेकॅनिकची कॉफी पिऊन होते ती याच वेळात.

बोट वर घेताना तळाचं बूच काढून आतलं सगळं पाणी काठावरच सोडून द्यायचं. न्यू हॅम्पशरमध्ये हा कायदाच आहे. बोटीच्या तळाशी अडकून राहिलेल्या पाण्यातून परकी पाणवनस्पती एका तळ्यातून दुसऱ्यात जाते आणि मग अख्खं तळं जलपर्णीसारखं गुदमरतं. जलपर्णीनं नद्यांचं काय केलं हे पाहिलेल्यांना या कायद्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

आता मुख्य गोष्ट. इंजिनातलं पाणी.

इंजिनाच्या दोन्ही अंगांना, तळाशी, पितळेची छोटी बुचं असतात. आणखी दोन-तीन धुराड्याच्या मॅनिफोल्डना, एखादं पंपाजवळ. प्रत्येक इंजिनाची तऱ्हा वेगळी. एकूण बुचं किती आणि कुठं, हे त्या बोटीच्या माणसाला तोंडपाठ हवं. बूच फिरवलं की पाणी उसळून बाहेर येतं. आलं तर उत्तम. पण कधीकधी बूच निघतं आणि पाणी येतच नाही, किंवा दोन थेंब येऊन थांबतं. इथं अनुभवी माणूस आणि हौशी माणूस वेगळे ओळखू येतात. हौशी म्हणतो, छान, हा भाग रिकामाच होता. अनुभवी म्हणतो, भोक तुंबलंय!

वर्षानुवर्षं तळ्याचं पाणी पिऊन इंजिनाच्या तळाशी रेती आणि गंजाच्या खपल्या साचतात. बुचाच्या भोकावर त्यांचा थर बसतो आणि वर पाणी तसंच कोंडलेलं राहतं. म्हणून खिशात तारेचा तुकडा ठेवायचा. प्रत्येक भोकात तार घालून टोकरायचं. खपली सुटली की आधी तांबूस चिखल येतो आणि मग धो धो पाणी. एका बाजूनं किती आलं, दुसऱ्या बाजूनं किती आलं, याकडे म्हातारे मेकॅनिक डोळ्यांत तेल घालून बघतात. डावीकडून बादलीभर आणि उजवीकडून पेलाभर आलं, तर उजवीकडे काहीतरी दडलंय. बोट नाकाकडून जरा उचलून ठेवली की पाणी मागं सरकतं आणि उरलंसुरलंही निघून येतं. सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत स्वस्त काम. इंजिनं मरतात ती बहुतेक इथल्या हलगर्जीनंच.

पाणी गेल्यावर तळ्याकाठच्या लोकांत दोन पंथ आहेत. आपल्याकडे श्रीखंड की बासुंदी यावरून व्हावी तितक्या हिरिरीनं यावर वाद होतात. पहिला पंथ म्हणतो, रिकाम्या इंजिनात हवा असते आणि हवा गोठत नाही. बुचं उघडी ठेवा आणि घरी जा. दुसरा पंथ म्हणतो, कुठंतरी वाकणात वाटीभर पाणी राहतंच. तेव्हा इंजिनाला गुलाबी औषध पाजा.

हे गुलाबी औषध म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रावण. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पुष्कळदा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी, आणि त्यातून चवीला गोड. सांडलेलं चाटून कुत्री-मांजरं दगावतात. तळ्यात सांडेल अशा ठिकाणी ते वापरणं शोभत नाही, म्हणून हे तुलनेनं निरुपद्रवी गुलाबी. बादलीत औषध ओतायचं, पंपाची नळी त्यात बुडवायची, इंजिन सुरू करायचं. पंप औषध ओढतो आणि थोड्या वेळानं मागच्या धुराड्यातून गुलाबी पिचकारी उडते. बघायला आलेली पोरं टाळ्या पिटतात. जणू रंगपंचमी!

पण पिचकारी गुलाबी झाली म्हणजे काम झालं असं समजणारे हमखास फसतात. इंजिन थंड असलं की त्यातला थर्मोस्टॅट बंद असतो. औषध ब्लॉकला वळसा घालून परस्पर बाहेर पडतं. ब्लॉकच्या पोटात आधीचं पाणी जसंच्या तसं! किंवा ते पाणी औषधात मिसळून औषध पांचट होतं. डब्यावर छापलेलं 'उणे पन्नास' हे न मिसळलेल्या औषधाचं, आणि तेही फॅरेनहाइटमध्ये. तेव्हा पंथ कोणताही असो, आधी बुचं काढून, तार घालून, पाणी बाहेर काढलंच पाहिजे. त्यानंतर बुचं लावून वरून औषध भरलं तर दुधात साखर. दोन्ही पंथांतले शहाणे या मुद्द्यावर एकत्र येतात. वाद मात्र पुढच्या वर्षीही चालू राहतो.

मग येतो धुराचा खेळ. चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये एक चिकट तेल फवारतात. इंजिन खोकतं, ठसकतं, निळसर पांढऱ्या धुराचा लोट सोडतं आणि बंद पडतं. सिलिंडरच्या आतून तेलाचा पातळ लेप बसला की सहा महिने गंज चढत नाही. पाण्याच्या पंपात रबराचा एक पाकळ्यांचा पंखा असतो. तो काढून ठेवायचा, नाहीतर वाकलेल्या पाकळ्या हिवाळाभरात तशाच वाकड्या होऊन बसतात. बॅटरी सोडवून तळघरात न्यायची. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे सात-आठ अंशांतच गोठून फुटू शकते. शेवटी धुराड्याची तोंडं बंद करायची. ती कुणासाठी? उंदरांसाठी! अमेरिकेतल्या उंदरांनाही हिवाळ्यात ऊबदार जागा लागते. बोटीच्या गाद्या कुरतडून इंजिनात बिऱ्हाड थाटण्यात ते तरबेज असतात.

वरून पांढरं प्लॅस्टिक घालून त्यावर गॅसच्या बर्नरची आंच फिरवली की ते आक्रसून बोटीच्या अंगाला घट्ट बसतं. दमट हवा कोंडू नये म्हणून झरोके ठेवतात. नोव्हेंबरात वुल्फबोरो किंवा ऑल्टन बेच्या यार्डांवरून नजर टाकली तर ओळीनं मांडलेली पांढरी गाठोडी दिसतात. जुनी मंडळी अजूनही लाकडी चौकट करून वर ताडपत्री टाकतात. ते पाहिलं की शाकारलेल्या होड्यांची आठवण होतेच.

बर्फ आणि पंचांग

मधल्या काळात तळ्याचं रूपच पालटतं. ज्या पाण्यावर बोटी धावत होत्या त्यावर माणसं चालतात. बर्फावर लाकडी खोपटी उभी राहतात, माणसं आत शेगडी पेटवून बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरतात. या खोपट्यांना तिथं 'बॉबहाउस' म्हणतात. फेब्रुवारीत मेरेडिथला मासेमारीची मोठी स्पर्धा भरते. ऑल्टन बेच्या गोठलेल्या पाण्यावर छोटी विमानं उतरावीत म्हणून चक्क धावपट्टी आखली जाते, तीही सरकारमान्य!

बोटींचा मोसम पुन्हा कधी सुरू होणार हे ठरवण्याची इथली रीत मोठी गमतीची आहे. या तळ्यावर 'माउंट वॉशिंग्टन' नावाचं मोठं प्रवासी जहाज चालतं. पहिलं 'माउंट वॉशिंग्टन' १८७२ चं, ते डिसेंबर १९३९ मध्ये वीर्स बीचच्या धक्क्यावर जळून गेलं. मग लोकांनी शेजारच्या व्हरमाँट राज्यातून, लेक शॅम्प्लेनवरून, १८८८ मध्ये बांधलेलं एक जुनं जहाज विकत घेतलं. आणायचं कसं? तर कापून! त्याचे तुकडे केले, रेल्वेनं आणले, इथं पुन्हा जोडले आणि १९४० मध्ये ते पाण्यात सोडलं. आजही तेच फिरतं. या जहाजाला आपल्या पाचही बंदरांपर्यंत बिनअडथळा जाता येईल एवढा बर्फ वितळला, की 'आइस-आउट' जाहीर होतो. त्याची नोंद १८८७ पासून ठेवलेली आहे. लोक तारखेवर पैजा लावतात.

आजवरचा सर्वांत उशिराचा आइस-आउट १८८८ सालचा, १२ मे. सर्वांत लवकरचा? १७ मार्च २०२४! त्याआधीचा विक्रम १८ मार्चचा होता, तो २०१६ सालचा. साधारणपणे हा दिवस एप्रिलात येतो. अलीकडच्या काही हिवाळ्यांत ऑल्टन बेचा बर्फ धावपट्टीइतका जाडच झाला नाही, त्यामुळे विमानं उतरलीच नाहीत.

थंडी कमी झाली तर बोटवाल्यांचं फावलं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. ऑक्टोबर उबदार गेला की माणूस म्हणतो, अजून एक शनिवार-रविवार फिरून घेऊ. मग आणखी एक. यार्डात रांग असते, मेकॅनिक मोजकेच असतात, पुढची तारीख मिळते. आणि हिवाळा सरासरीनं कितीही सौम्य झाला तरी सरासरीनं इंजिन फुटत नाही, एका रात्रीनं फुटतं. पंधरा दिवस गुलाबी थंडी पडावी आणि सोळाव्या रात्री पारा उणे दहाला जावा, एवढं पुरे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्साससारख्या उबदार राज्यात थंडीची लाट आली, तेव्हा घराघरांतले नळ फुटले. जिथं दरवर्षी कडाका पडतो तिथले लोक तयारीत असतात. 'आमच्याकडे कुठं एवढी थंडी' म्हणणाऱ्यांचीच गत वाईट होते. विनिपसॉकीचे जुने लोक म्हणून आभाळाकडे बघत नाहीत, कॅलेंडरकडे बघतात. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही, हे कोळीवाड्यात जसं ठरलेलं, तसंच कोलंबस डेनंतर पाणी आत ठेवायचं नाही, हे इथलं.

पुन्हा पाण्यात

मे महिन्यात प्लॅस्टिकचे बुरखे फाडले जातात. लाकडी बोटींचं एक वेगळंच प्रकरण असतं. हिवाळाभर सुकून त्यांच्या फळ्या आकसलेल्या असतात, सांध्यांत फटी पडलेल्या असतात. तशीच सोडली तर बोट चाळणीसारखी गळते. मग तिला पट्ट्यांच्या झोळीत टांगून अर्धवट पाण्यात ठेवतात. फळ्या पाणी पितात, फुगतात आणि एकमेकींना घट्ट भिडतात. एक-दोन दिवसांनी गळणं आपोआप थांबतं. पाण्याच्या ज्या फुगण्याच्या भयानं सहा महिने काढले, त्याच पाण्यानं लाकूड फुगलं की बोट जगते.

इंजिनाच्या बाबतीत मात्र घाई नसते. ऑक्टोबरात काढलेली बुचं आणि तो रबरी पंखा एका पिशवीत घालून ती पिशवी किल्लीसकट स्टिअरिंगला बांधून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे पिशवी सोडल्याशिवाय इंजिन सुरूच करता येत नाही. झाकण उघडून आधी डिपस्टिक ओढतात. तेल स्वच्छ, सोनेरी. फडक्याला पुसून पुन्हा एकदा बुडवून बघतात. मग पिशवी सोडतात आणि बुचं एकेक करून तळहातावर मोजतात. पाच... सहा... सात.